दूध तपासतात तसे मेसेज

आमच्या गावच्या डेअरीत रोज सकाळी दोन गोष्टी जमतात, दूध आणि किस्से. दूध आठ वाजता टेम्पोत बसून निघून जातं. किस्से इथंच राहतात. त्यांना गिऱ्हाईक नाही, आणि ते नासतही नाहीत. म्हणलं, सांगून तरी टाकू, जरा जागा होईल!

सुरुवात घरापासूनच करतो.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. डेअरीचे चेअरमन तात्या. तात्यांच्या मोबाईलवर आलेला मेसेज तिथं मुक्काम करत नाही, लगेच पुढं जातो. एक दिवस मेसेज आला: कडुलिंब, कारलं आणि गुळवेलीचा काढा प्या, शुगर मुळापासून जाईल, गोळ्या फेकून द्या. तात्यांना सात वर्षं झाली शुगर आहे. त्यांनी भर रांगेत जाहीर केलं, "आजपास्नं गोळ्या बंद. फकस्त काढा!"

त्या रांगेत माझे वडील उभे होते. आप्पा. शुगर त्यांनाही आहे. आप्पांचा तात्यांवर इतका विश्वास, की तात्या म्हणले म्हणून त्यांनी एकदा घराचं दार पूर्वेकडून उत्तरेला नेलं होतं. ते घरी आले, काढा उकळायला ठेवला, गोळ्यांचा डबा कपाटावर ठेवला, वर पातेलं पालथं घातलं आणि मला आणि आईला दम दिला, "भाईर बोललात तर बघा."

पंधरा दिवसांत त्यांच्या पायाला मुंग्या यायला लागल्या.

"नवी चप्पल चावती," म्हणले.

चप्पल तीन वर्षांची होती.

मी सिस्टरांना गाठलं. सिस्टर नगरच्या एका दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या, रिटायर होऊन गावी आल्यात. ख्रिसमसला अख्ख्या आळीला करंज्या देतात, आणि बाकी वर्षभर अख्ख्या आळीला रागावतात. पण त्यांनी पिशवीतून शुगरचं मशीन काढलं, की आप्पा कॅन उचलून चालायलाच लागायचे.

"तुझ्या बापाला माझं पटायचं नाही," सिस्टर म्हणल्या. "त्याला फक्त डेअरीच्या भिंतीवर लिहिलेलं पटतं."

खरंच की! आमच्याकडं मशीननं फॅट सांगितली, भिंतीवर लिहिली, विषय संपला. कुणाला शंका असेल तर त्यानं 'पुन्हा सॅम्पल' म्हणायचं. दुसऱ्यांदा जे येईल ते शेवटचं. यावर सख्खे भाऊसुद्धा भांडत नाहीत.

मी तात्यांकडं गेलो. म्हणलं, मोबाईलवर येईल ते आपण तपासू आणि फळ्यावर लिहू. तात्या हसले. "लाव की फळा! पर एक जरी चूक निघाली, तर त्याच दिवशी फळा खाली. आन् मी तो गोठ्यात नेणार, वासरांना आडोसा."

फळ्यावर काय लिहायचं ते विलासभाऊनं ठरवलं. विलासभाऊ डेअरीत फॅट काढतो. दिवसाला साधारण चाळीस शब्द बोलतो, त्यातले तीस आकडे असतात. त्यानं चार शेरे दिले. पूर्ण खरं असेल ते 'प्युअर'. धडधडीत खोटं ते 'पाणी'. एके काळी खरं होतं पण आता नाही, ते 'नासलं'. आणि खऱ्या-खोट्याची मिसळ, ती 'भेसळ'.

"भेसळ सगळ्यात वाईट," तो म्हणला. "पाणी लगेच कळतं."

तब्येतीचे मेसेज सिस्टरांकडं, पैशाचे विलासभाऊकडं आणि पुढाऱ्यांचे माझ्याकडं. मला नोकरीच नव्हती, त्यामुळं बदली व्हायची भीती नव्हती.

पहिल्याच दिवशी सिस्टर खडू घेऊन काढ्यावर 'पाणी' लिहायला निघाल्या. तात्यांनी हात धरला. "मला तपासल्याबिगर लिहायचं न्हाई. तीन महिने जाऊ द्या, मग ह्याच रांगेत माझ्या बोटातलं रगात काढा!"

नियम नियम असतो. फळ्यावर सगळ्यात वर लिहिलं गेलं: 'काढा: सॅम्पल बाकी.'

आणि आप्पांचा डबा पातेल्याखालीच राहिला.

०००

पहिला मोठा विजय म्हशीचा.

नगरहून टाय घातलेले एक साहेब आले. देवळाच्या हॉलमध्ये पडदा लावून त्यांनी एक ॲप दाखवलं. ॲपमध्ये म्हैस विकत घ्यायची. चारा नको, शेण नको, गोठा नको. म्हैस मोबाईलमध्येच राहणार, आणि दुधाचे पैसे रोज खात्यात! अर्धा हॉल मोबाईल काढून बसला. माझ्या चुलतभावानं तर म्हशीचं नावसुद्धा ठरवलं होतं.

मागं भिंतीला टेकलेल्या विलासभाऊनं हात वर केला.

"साहेब, म्हैस आटती कधी?"

साहेब गोड हसले. "सर, हीच तर आपली खासियत! आपली म्हैस कधीच आटत नाही. बारा महिने, सेम दूध!"

अर्धे मोबाईल परत खिशात गेले.

"आन् रेडकू कधी देती?"

"रेडकू? नाही सर. तो त्रासच आपण ठेवला नाही!"

पुढच्या रांगेतली हौसाआजी गुडघ्यावर हात ठेवून उठली. "बाबा, तू टाय काढ आन् आठ दिस माझ्या गोठ्यात येऊन ऱ्हा. मग म्हैस वीक."

आजीच्या मागं अख्खा हॉल उठला. पडद्यावरची म्हैस एकटीच दूध देत राहिली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर विलासभाऊचं अक्षर: 'ॲपची म्हैस: पाणी. बारा महिने, सेम.'

०००

मग पुढाऱ्याची पाळी आली, म्हणजे माझी.

सभेत एक पुढारी म्हणले, "लोक बंधारे बघायला राळेगणला कशाला जातात? हितं या! तुमच्या शिवारात मी बारा बंधारे बांधलेत, बारा!" पहिली टाळी तात्यांची, दुसरी आप्पांची.

मी बंधारे मोजायला निघालो. वाट दाखवायला पुढाऱ्यांचा एक कार्यकर्ता गाडीवर मागं बसला. उन्हातान्हात एकेक बंधारा बघत चाललो. चौथ्या बंधाऱ्यावर आम्ही भेळ खाल्ली. मी माझा लाल रुमाल धुतला, बाभळीवर वाळत घातला आणि विसरलो.

म्हणजे, विसरलो असं मी त्याला सांगितलं.

सातव्यानंतर त्यानं मला मोठा वळसा घालून मकेतून, नाल्यातून, कुणाच्या तरी अंगणातून नेलं. "हा बघा, आठवा!"

समोर बंधारा. पलीकडच्या काठावर बाभळ. बाभळीवर माझा लाल रुमाल.

"दादा, हा चौथाच हाय की."

त्यानं रुमालाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग शांतपणे म्हणला, "चौथा त्या काठावरनं बघितला. हा ह्या काठावरचा."

मी फळ्यावर लिहिलं: 'बंधारे सात, काठ चौदा. म्हणजे पुढाऱ्यांनी दोन कमीच सांगितले. भेसळ.'

संध्याकाळी तात्यांना वरून फोन. तात्या पळत आले, "पुसा, पुसा ते!"

विलासभाऊ म्हणला, "पुन्हा सॅम्पल? गाडी काढू?"

कुणीच गाडीवर बसेना. फळा राहिला. पण त्या रात्री जेवताना आप्पा ताटाकडं बघत म्हणले, "सातच हायेत व्हय रं?"

मी म्हणलं, "सातच."

आप्पा पहिल्यांदाच तात्यांच्या टाळीवर शंका घेत होते. मी गपचूप पापड मोडला.

०००

हा लहानसा आहे, पण सोडवत नाही.

मतदानाच्या आधी मेसेज आला, मत दिलं नाही तर बँकेतून आपोआप पैसे कापणार. मी चौकशी केली, सपशेल पाणी. लिहायला निघालो, तर दोन्ही पार्ट्यांची माणसं एकाच गाडीवर बसून आली. अशी गाडी गावानं कधी बघितली नव्हती.

"पप्या, मतदान होईस्तोवर लिहू नगं. लोक भ्यून तरी येतील!"

मी लिहिलं.

मतदानाच्या दिवशी रांगेत पहिले कोण? लक्ष्मणनाना! नानांनी जन्मात कधी मत दिलं नव्हतं.

"नाना, पैसे कापणार नाहीत, तरी आलात?"

"कापणार न्हाईत म्हणून तर आलो! धमकी असती तर गेलो असतो व्हय?"

०००

याच नानांचा पुढचा किस्सा.

मेसेज होता: छातीत दुखायला लागलं तर जोरजोरात खोका, अटॅक जागच्या जागी थांबतो. सिस्टरांनी फळ्यावर एवढ्या जोरात 'पाणी' लिहिलं, की खडू मोडला. खाली लिहिलं, 'खोकू नका, गाडी काढा.'

पंधरा दिवस गेले. एका सकाळी नानांनी कॅन खाली ठेवला, छाती धरली आणि ओट्यावर बसले. घामानं सदरा भिजला. रांगेतले चारजण धावले आणि नानांच्या तोंडासमोर खोकायला लागले! "नाना, असं, असं करा! खॉक्! खॉक्!" नाना बिचारे कुणाकडं बघू, कुणाकडं बघू करायला लागले.

"खोकतंय कोण तिथं?" सिस्टर रांगेच्या शेवटून ओरडल्या. "फळा वाचायला येत नाही? टेम्पो रिकामा करा!"

टेम्पोतले भरलेले कॅन दोन मिनिटांत खाली. नाना वर. सिस्टर शेजारी. खोकणारे चौघं मागं, आता गप्प.

नाना वाचले. दहा दिवसांनी डेअरीत आले, फळ्याजवळ गेले आणि 'गाडी काढा' या अक्षरांवर हात फिरवला. एवढ्यात विलासभाऊनं त्यांच्यासमोर वही धरली, सहीला. त्या दिवसाच्या पानावर नोंद होती: 'टेम्पो उशिरा. कारण: नाना.'

नानांनी सही केली.

आप्पा तेव्हा रांगेतच होते. घरी येताना म्हणले, "सिस्टरांचं बरुबर निघालं." मी डब्याचा विषय काढला. ते म्हणले, "नानाचं येगळं. तात्या बघ की कसे टणटणीत हायेत! शुगर असलेला मानूस असा दिसतो व्हय?"

तात्या खरंच टणटणीत दिसत होते. सिस्टरसुद्धा त्यांच्याकडं संशयानं बघायच्या.

०००

हा किस्सा माझ्या अब्रूचा आहे, म्हणून भरभर सांगतो.

मेसेज किती सहज बनवता येतो हे आप्पांना दाखवायचं मी ठरवलं. बसल्या बसल्या एक लिहिला: 'डेअरीची पावती उशाखाली ठेवल्यास घोरणं थांबतं.' तीन ग्रुपवर टाकला. म्हणलं, संध्याकाळी आप्पांना सांगू, बघा, मीच लिहिला.

संध्याकाळी विलासभाऊचा पावतीचा रोल संपला. बाया दोन-दोन पावत्या मागत होत्या. चौथ्या दिवशी भंडारदऱ्याकडच्या मावशीनं तोच मेसेज मला पाठवला. आता त्यात एक अमेरिकन शास्त्रज्ञ होता, आणि पावती गाईच्या दुधाची असावी अशी अट!

मी फळ्यावर लिहिलं, 'पावती: पाणी.' लोक भडकले.

"तुला काय कळतंय? अमेरिकेत सिद्ध झालंय!"

"अहो, मीच लिहिलाय तो!"

"पुरावा?" विलासभाऊ म्हणला. तो माझ्याच बाजूचा होता. पण नियम नियम असतो.

आप्पा म्हणले, "पप्या, उगा क्रेडिट घेऊ नगं. गुण येतोय पावतीला. तुझ्या आईनं चार दिस झाले घोरण्याची तक्रार केली न्हाई."

मी घरी जाऊन आईला विचारलं. आई म्हणली, "तक्रार कशाला करू? चार दिवस झाले पडवीत झोपते."

मोबाईल दाखवून, वेळ दाखवून, शेवटी आईला साक्षीला आणून मी सिद्ध केलं की ते पाणी माझंच. सिस्टरांनी मला सगळ्यांसमोर उभं करून फळ्यावर लिहायला लावलं: 'पाणी घालणारा: मीच.'

तात्यांना आयतंच मिळालं. "फळा लावणाराच पाणी घालतोय! आता यकच शेवटचं सॅम्पल. सोमवारी तीन महिने भरत्यात. माझी शुगर काढा. नॉर्मल आली, तर काढ्यावर प्युअर लिहायचं आन् फळा गोठ्यात!"

"आणि जास्त आली तर?" सिस्टर म्हणल्या.

"तर दुसऱ्या दिसापास्नं गोळी, सगळ्यांच्या समोर!"

आप्पा माझ्या कानात म्हणले, "तात्या घेतील तर मी बी घेईन."

मी त्या आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो. तीन महिने गोळी नाही, म्हणजे शुगर वरच असणार. सिस्टरसुद्धा म्हणल्या, "मशीन खोटं बोलत नाही."

०००

सोमवार. एवढी रांग मी दसऱ्यालासुद्धा बघितली नव्हती. ज्यांची जनावरं आटली होती तेही रिकामे कॅन घेऊन उभे होते.

तात्या उपाशीपोटी आले, इस्त्रीचा सदरा घालून. खुर्चीवर बसले, बोट पुढं केलं. सिस्टरांनी कापसानं पुसलं, टोचलं, थेंब घेतला. आकडा ओरडायचं काम विलासभाऊचं.

त्यानं मशीन डोळ्यासमोर धरलं.

"एकशे अठरा!"

सिस्टरांचा चेहरा उतरला. रांगेत कुजबूज, "म्हंजी किती? चांगली का वाईट?"

"चांगली," सिस्टर हळूच म्हणल्या. "उपाशीपोटी, तात्यांसारख्या शुगरवाल्याला, चांगलीच."

तात्या खुर्चीतच उडाले. "बघा! तीन महिने गोळीला शिवलो न्हाई!"

"पुन्हा सॅम्पल!" मी ओरडलो.

दुसरा हात. दुसरं बोट.

"एकशे सोळा!"

दुसऱ्यांदा येईल ते शेवटचं. तात्यांनी पक्कड मागवली. स्टुलावर मलाच चढवलं, "तूच लावला, तूच काढ." मी पहिला खिळा उपटला. फळा एका बाजूनं लोंबला. खाली आप्पा उभे होते, तोंडभर हसत.

"बघितलं का पप्या? मी म्हणत नव्हतो? आता तो डबा उकिरड्यावर नेऊन टाकतो."

"कसला डबा, भावजी?"

हा आवाज बायकांच्या रांगेतून आला. तात्यांची बायको, काकी. डोक्यावर पदर, हातात कॅन.

आप्पांना आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. "गोळ्यांचा, वैनी. तात्यांनी सोडल्या त्याच दिशी मी बी सोडल्या. फकस्त काढा."

काकींनी कॅन खाली ठेवला. एकदा आप्पांच्या पायाकडं बघितलं, एकदा तात्यांकडं. मग माझ्याकडं.

"पप्या, दुसऱ्या खिळ्याला हात लावू नगं."

"का गं?" तात्या म्हणले.

"तुमची शुगर नॉर्मलच यायची. काढ्यात रोज दोन टायमाला गोळी मी कुटून घालती."

टेम्पोवाल्यानं इंजिन बंद केलं.

"कवापास्नं?" तात्यांचं बोट अजून तसंच पुढं होतं, कापूस लावलेलं.

"पहिल्या दिसापास्नं. डाक्टरला इचारून. कुटली तरी चालती म्हणले."

"आन् मला सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर काढा पिणं सोडलं असतं तुमी."

सिस्टर तोंडावर पदर धरून भिंतीकडं वळल्या. त्यांचे खांदे हलत होते. हौसाआजीनं तर रिकामा कॅनच वाजवला. तात्या खुर्चीवरून उठले, बसले, परत उठले. शेवटी माझ्या हातातली पक्कड घेतली, खाली पडलेला खिळा उचलला आणि खुर्चीवर चढून, पक्कडीनंच ठोकून फळा सरळ केला.

आप्पांनी आपला भरलेला कॅन माझ्या स्टुलाशेजारी आणून ठेवला आणि चालायला लागले.

"आप्पा, दूध घालायचं राहिलंय! कुठं निघालात?"

"घरी," ते मागं न बघता म्हणले. "पातेलं उचलायला."

मी स्टुलावरच होतो. सगळ्यात वरची ओळ अजून तशीच होती, 'काढा: सॅम्पल बाकी.' मी 'सॅम्पल बाकी' पुसलं, खडू घेतला.

"विलासभाऊ, काय लिहू?"

विलासभाऊनं आप्पांच्या कॅनचं झाकण काढलं, दूध ढवळलं, सॅम्पल घेतलं. मान वर केली नाही.

"भेसळ."